द्राक्षाच्या हंगामात तेरा महिन्यांचं बाळ: सोबत न्यावं की आजीपाशी ठेवावं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमचे भाऊ-वहिनी पेठ तालुक्यातले. दिवाळी झाली की टोळीबरोबर निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि होळीला घरी येतात. मुलगा १३ महिन्यांचा, अजून अंगावर पितो, वजन ७ किलो ४०० ग्रॅम. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची. घरी आजी आहे. बाळाला सोबत न्यावं की आजीपाशी ठेवावं, आणि अंग धरण्यासाठी त्याला कुठली पावडर किंवा टॉनिक सुरू करावं, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिक जिल्ह्यात अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून बरीच वर्षं काम केलं. मजूर जिथून निघतात ते पाडेही माझ्याकडे होते आणि जिथे पोचतात ते मळेही. त्यामुळे दोन्हीकडचं बघून सांगते.

पावडरीचं आधी उरकते. नको. बाजारातल्या गोड पावडरीत बराचसा भाग साखरेचा असतो, आणि ती दुधात घालायची तर आधी दूध हवं. मळ्यावर मिळणारं पावशेर दूध सगळ्यांच्या चहात जातं. त्या एका डब्याच्या पैशात बाळाची महिनाभराची अंडी, शेंगदाणे आणि गूळ येतो. टॉनिकचंही तसंच. या वयाला लोहाचं औषध लागतं हे खरं, पण ते आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात फुकट मिळतं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी १ मिली. हंगामभर पुरेल एवढ्या बाटल्या निघण्याआधी मागून घ्या.

आता मुख्य गोष्ट. सोबत न्यायचं की ठेवायचं, हा प्रश्न मला दुसरा वाटतो. पहिला प्रश्न असा की सकाळी सात ते संध्याकाळी सहा या वेळात या बाळाला कोण भरवणार, आणि किती वेळा? माणूस ठरलं की जागा आपोआप ठरते. माणूस ठरलं नाही तर बाळ पेठला असो की निफाडला, त्याचं पोट रिकामंच राहणार.

असं का म्हणते ते सांगते. १३ महिन्यांच्या मुलाचं वजन सरासरी ९ किलो ९०० ग्रॅमच्या आसपास असतं. ७ किलो ९०० च्या खाली गेलं तर ते कमी वजन, आणि ७ किलो १०० च्या खाली गेलं तर तीव्र कमी वजन. तुमचा भाचा मधल्या पट्ट्यात आहे. आज लगेच घाबरण्यासारखं नाही, पण त्याच्या गाठीला काही शिल्लकही नाही. या वयात चार महिन्यांत निदान आठशे ग्रॅम वाढायला हवेत. होळीला परत आलेल्या मुलांना काट्यावर ठेवलं की पुष्कळदा दिवाळीचाच आकडा दिसायचा. घरचे म्हणायचे, "उतरलं तर नाही ना!" त्यांचा जीव निश्चिंत व्हायचा. पण मधले चार महिने मूल थांबलेलं असायचं, आणि नंतरचा पावसाळा म्हणजे घरातली कणगी रिकामी आणि जुलाब-तापाचे दिवस. तिथे ते मूल घसरायचं. दवाखान्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिसणारं कुपोषण पुष्कळदा द्राक्षाच्या हंगामात सुरू झालेलं असतं.

मळ्यावरचा दिवस कसा जातो हे वहिनींना ठाऊक आहेच, तरी बाळाच्या बाजूने एकदा बघा. काम उक्तं असतं, एकरावर ठरलेलं. विरळणी असो, डिपिंग (घड औषधात बुडवणं) असो की माल काढणी, टोळीतली एक बाई अर्धा तास बसली की सगळ्यांचं काम मागे पडतं. त्यामुळे आई सकाळी निघताना पाजते, दुपारी जेवायच्या सुट्टीत पाजते आणि मग थेट संध्याकाळी. मधल्या वेळात बाळ खोपटापाशी नाहीतर बागेच्या कडेला, आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या नाहीतर मामेबहिणीच्या कडेवर. बाळ रडलं की ती त्याच्या हातात बिस्कीट देते, पाच रुपयांचा पुडा फोडते. तिचं काही चुकत नाही, ती स्वतःच लेकरू आहे आणि तिची शाळा बुडालेली आहे. बिस्किटाने बाळाची भूक मरते आणि दुपारी आई भाकरी कुस्करून देते तेव्हा ते तोंड फिरवतं. आईला वाटतं, याला भूकच नाही.

आजीपाशी ठेवलं तर काय होतं? आजी जीव लावते, यात शंका नाही. पण दूध एका दिवसात तुटतं, आणि १३ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधातून अजून दिवसाच्या गरजेचा तिसरा हिस्सा तरी मिळत असतो. शिवाय आईला शोधून ते चार-पाच दिवस नीट खात नाही. ते दिवस आधीच हलक्या असलेल्या बाळाला जड जातात. आजी स्वतः लाकडाला, पाण्याला, गुरांमागे जात असेल तर तिथेही दुपारी भरवायला कोणी नसतंच.

म्हणून माझं मत असं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर विचारायचंच काही कारण नव्हतं, ते आईबरोबरच. दोन वर्षांपर्यंत अंगावर पिणारं मूलही शक्यतो आईबरोबर जावं, पण दिवसा सांभाळणारं मोठं माणूस सोबत असेल तरच. तीन वर्षांच्या पुढचं मूल, घरी धडधाकट आजी आणि जवळ रोज उघडणारी अंगणवाडी असेल तर घरी राहिलेलं बरं. दोन ते तीनच्या मधल्या मुलांचं घराघरावर अवलंबून आहे. तुमच्या घरात याचा अर्थ बाळ निफाडला आणि मुलगी पेठला असा होतो. आजीला गाव सोडणं शक्य असेल, घरी गुरं नसतील, तर आजीच टोळीबरोबर गेली आणि दोन्ही नातवंडं तिच्या नजरेखाली राहिली तर त्याहून चांगलं. आजीची तब्येत आणि घरची गुरं यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे ते तुम्हीच ठरवा.

आजी जाणार नसेल तर आणखी एक वाट आहे, आणि मी ती टोळ्यांना नेहमी सुचवत आले. टोळीत तीन-चार लहान मुलं असतील तर एका बाईने खोपटावरच थांबायचं. सगळी मुलं ती सांभाळणार, ठरल्या वेळी भरवणार, आणि उक्त्यातला तिचा वाटा टोळी देणार. पहिल्यांदा सगळे नाही म्हणतात, कारण दोन हात कमी होतात. पण मुलाला जुलाब लागले की आई दोन-तीन दिवस घरी बसते, दवाखान्याचा खर्च वेगळा, हा हिशेब मांडला की मुकादमालाही पटतं. हे बोलणं उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेताना, गाव सोडण्याआधी व्हायला हवं. मळ्यावर पोचल्यावर कामाचा रेटा असा असतो की कोणी ऐकून घेत नाही. मालकाशीही बोलावं. कित्येक बागाईतदार सावलीची जागा, एखादा माठ आणि रोजचं अर्धा लिटर दूध द्यायला तयार असतात. त्यांना कोणी मागितलेलं नसतं, एवढंच.

आता खाण्याचं. इथे थोडा वेळ घेते, कारण घरात आहे त्यातूनच सगळं होतं.

या वयाच्या बाळाचं पोट त्याच्या वजनाच्या मानाने किलोमागे साधारण ३० ग्रॅम धरतं. म्हणजे तुमच्या भाच्याच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम मावतं, एक मोठी वाटी. आईच्या दुधाशिवाय त्याला दिवसाला साधारण ५५० कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. ही वाटी तांदळाच्या पातळ पेजेने भरली तर तिच्यात ३५-४० कॅलरी जातात. पोट भरतं, बाळ झोपतं, सगळ्यांना बरं वाटतं, पण त्याच्या अंगाला काही लागत नाही. म्हणून वाटी तेवढीच ठेवायची आणि तिच्यातलं अन्न घट्ट करायचं.

पेठची नागली, म्हणजे नाचणी, घरात असेलच. ती रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून दीड दिवस मोड येऊ द्या, सावलीत कडकडीत वाळवा आणि अगदी हलकी भाजून दळून आणा. मोड आलेल्या धान्यात एक गुण असतो, त्याने पिठाचा चिकटपणा तुटतो. साध्या पिठाची खीर घट्ट केली की गोळा होते आणि बाळाला गिळवत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. मोडाच्या पिठाची खीर तेवढंच पीठ घालूनही सैल राहते. पीठ जास्त भाजलं तर हा गुण जातो, तेवढं सांभाळा. दोन मोठे चमचे हे पीठ, चमचाभर भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट, थोडा गूळ, आणि उतरवल्यावर वरून एक लहान चमचा तेल. या एका वाटीत १८०-१९० कॅलरी होतात. अशा दोन वाट्या आणि घरच्या जेवणातला त्याचा वाटा, एवढ्यात दिवस निघतो. तेल सोयाबीनचं असो की खुरासणीचं, चालतं. महिनाभराचं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात नेता येतं, आणि खोपटावरच्या बाईला पाच मिनिटांत खीर करता येते. नागलीत कॅल्शियम भरपूर असतं, गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट, तेव्हा बिस्कीट सोडून आपण हलकं काही देतोय असं वहिनींना वाटायला नको.

जेवणात भाकरी नुसती चटणीशी नको. उडदाच्या किंवा कुळथाच्या आमटीत मऊ कुस्करून द्या, आमटीचं वरचं पाणी नव्हे, खालची डाळ. सुकट किंवा बोंबील घरात खात असाल तर स्वच्छ निवडून, भाजून, पूड करून डबीत भरा आणि चिमूटभर आमटीत घाला. बाळाच्या ताटात याच्याइतकं ताकदीचं स्वस्त काही मी पाहिलेलं नाही. आणि रोज एक अंडं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पेठमध्ये अमृत आहार योजनेतून सात महिन्यांपासूनच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळतात. ही योजना आदिवासी क्षेत्रापुरती आहे, निफाड त्यात येत नाही. गाव सोडलं की बाळाच्या तोंडातलं ते अंडं जातं. ते मजुरीतून आणायचं, हे आधीच ठरवून ठेवा, नाहीतर आठवड्याच्या बाजारात ते राहून जातं.

वेळा अशा जमतात. आई सकाळी निघण्याआधी पाजेल आणि थोडी भाकरी-आमटी भरवेल. नऊ-साडेनऊला खीर, दुपारी आईबरोबर जेवण आणि दूध, साडेतीन-चारला पुन्हा खीर किंवा अंडं, रात्री जेवण, आणि रात्रभर अंगावर. वाटी बाळाची स्वतःची, वेगळी. सगळ्यांच्या ताटातून खाल्लं तर त्याने किती खाल्लं हे कोणालाच कळत नाही. चहा अजिबात नको, त्याने अन्नातलं लोह अंगाला लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडची थंडी जिल्ह्यात सगळ्यांत कडक असते. प्लास्टिकच्या खोपटात कुडकुडणाऱ्या बाळाचं खाल्लेलं सगळं ऊब धरण्यातच जातं. टोपी, पायमोजे आणि एक जाड गोधडी हीसुद्धा पोषणातच धरा.

मळ्यावरच्या तीन गोष्टींबद्दल कडक राहा. एक पाणी. ठिबकच्या टाकीत खतं-औषधं सोडतात, आणि शेततळ्याचं पाणी उघडं असतं. दोन्ही पिण्याचं नाही. घराला पाणी जातं त्या नळाचंच मागा, ते उकळा किंवा आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब घ्या. औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला वापरायचा नाही. दुसरी फवारणी. फवारा चालू असताना बाळ बागेच्या कडेलासुद्धा नको, आणि काम सोडून पाजायला येताना वहिनींनी आधी हात साबणाने धुवायचे, वरचा सदरा किंवा ओढणी बदलायची. तिसरी गोष्ट खुद्द द्राक्ष. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बरोबर अडकतं. धुऊन, उभं चिरून, चार तुकडे करून द्या, आणि मालकाला विचारून फवारणीचे दिवस उलटलेल्या बागेतलंच. अख्ख्या शेंगदाण्यालाही हाच नियम, पाच वर्षांपर्यंत कूटच.

जुलाब लागले तर खाणं बंद करायचं नाही. पाजत राहायचं, ओआरएस द्यायचं, आणि झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक अशी १४ दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. बरं झाल्यावर पुढचे दोन आठवडे दिवसाला एक वाटी जास्त. हे शेवटचं बहुतेक घरांत राहून जातं, आणि आजारात गेलेलं वजन परत येत नाही ते याच कारणाने. ओआरएस आणि झिंक इथूनच घेऊन जा.

कागदांचं थोडक्यात. निघण्याच्या आधी गावच्या अंगणवाडी सेविकेला सांगून पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर) बाळाच्या स्थलांतराची नोंद करून घ्या, आणि मळ्याच्या गावातल्या सेविकेचा फोन नंबर मिळवा. तिथे गेल्यावर घरपोच आहार मिळणं हा बाळाचा हक्क आहे, "तुम्ही आमच्या गावचे नाही" हे उत्तर ऐकून परत यायचं नाही. अडलं तर तिथल्या पर्यवेक्षिकेला फोन करा. रेशनकार्डाचं धान्य राज्यात कुठल्याही दुकानात अंगठा लावून उचलता येतं, आणि घरच्यांनी थोडं गावात, भाऊंनी उरलेलं निफाडला असंही करता येतं. माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत हवंच, कारण बाळाला याच हंगामात १६ महिने पूर्ण होतात. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटीचा बूस्टर आणि अ जीवनसत्त्वाचा डोस तेव्हा येतो. हलक्या वजनाच्या मुलाला गोवर फार वाईट गाठतो, तो डोस होळीनंतर बघू म्हणून टाळू नका.

मुलीबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण तिचंही ऐका. ती आजीपाशी राहिली तर अंगणवाडीत तिला गरम आहार आणि अंडं मिळेल. मात्र अंगणवाडीतलं खाणं हे घरच्या जेवणाच्या वर असतं, त्याच्या ऐवजी नाही. सकाळी काही न खाता ती गेली तर दिवसात एक जेवण कमीच होतं. आई गेल्यावर पहिले काही दिवस ती खाणार नाही, तेव्हा आजीने तिला आपल्याच ताटात घेऊन जेवावं आणि रात्री वहिनींनी फोनवर बोलावं. आजीच्या हातात दर आठवड्याला थोडे पैसे येतील अशी सोय भाऊंनी करावी. हंगामाचा हिशेब होळीला होतो आणि तोवर आजीला दुकानात उधारी करावी लागते. उधारीवर आजी तेल-मीठ आणते, नातीसाठी अंडं मागायला संकोचते.

आता लगेच करायचं काम सांगते. फक्त वजनावरून मी पूर्ण सांगू शकत नाही. उद्या-परवा अंगणवाडीत जाऊन त्याची उंची आणि दंडघेर, म्हणजे दंडाच्या मधला घेर, घ्यायला सांगा. दंडघेर १२.५ सेंटिमीटरच्या वर असेल तर वर लिहिलं तसं करा आणि निफाडला दर महिन्याला वजन घ्या. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर जायला हरकत नाही, पण दिवसा सांभाळणारी बाई पक्की झाल्याशिवाय नको, आणि वजन दर पंधरा दिवसांनी. सलग दोनदा काटा हलला नाही तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायचं. दंडघेर ११.५ च्या आत आला, किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल, बोट दाबून खड्डा पडत असेल, तर बाळाने आणि वहिनींनी टोळीबरोबर निघायचंच नाही. भाऊंनी पुढे जावं. बाळाला आरोग्य केंद्रात न्या. तिथून गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवतात. तिथे आईलाही सोबत राहता येतं आणि बुडीत मजुरी मिळते, ती मागून घ्या. उपचार पूर्ण होऊन वजन चढायला लागलं की दोघं मागाहून निफाडला जाऊ शकतात. उचलीमुळे मुकादम अडून बसला तर त्याला सेविकेसमोर किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर बोलवा, तिथे सहसा तो अडत नाही. मोजमाप झालं की तिन्ही आकडे मला कळवा.